वसंतकाका आणि साहेबाची पेटी

बंगळुरात रविवारी व्हाइटफील्डहून चामराजपेटला भजनाला जायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये जीव जातो. तरी मी जातो, कारण आमच्या मंडळात वसंतकाका आहेत. अभंग पाठ होवो न होवो, काकांचा एक तरी किस्सा पदरात पडतोच!

काका नागपूरचे, रिटायर होऊन हेब्बाळला मुलाकडे आलेले. परक्यांच्या राज्याचा राग असा, की साहेब जणू कालच गेला! आल्या आल्या त्यांनी भजनानंतरचा चहा बंद केला. "ही इंग्रजांनी लावलेली सवय!"

पुढच्याच रविवारी ते कोपऱ्यावरच्या हॉटेलात फिल्टर कॉफी पिताना सापडले.

"काका, हे?"

"कॉफी इंग्रजांच्या आधी आली. चौकशी करून पितोय!"

*

फोनवर 'हॅलो' नाही, 'राम राम'. बँकेच्या रेकॉर्डेड आवाजालासुद्धा! मशीनमधली बाई म्हणाली, "माफ करा, समजलं नाही."

काका आमच्याकडे वळले. "बघा, अजून गुलामीत आहे बिचारी!"

*

पण एकदा हसू आवरलं. आमचं भजन रामण्णांच्या हॉलमध्ये होतं. त्यांचे पूर्वज पिढ्यांपूर्वी घरचा राम कमरेला बांधून महाराष्ट्रातून इकडे आले; तोच राम हॉलमध्ये आहे. काकांच्या घराण्याचा देव मात्र स्वारीच्या भीतीने विहिरीत लपवला होता, तो पुन्हा सापडलाच नाही. आजही काकांच्या देवघरात मधला पाट रिकामा असतो. काका रोज त्यावर फूल ठेवतात.

हे ऐकून रामण्णा म्हणाले, "आमचा राम तुमचा नव्हे काय, अण्णा? या, स्वल्प फुलं तुम्हीच घाला."

काका रडले.

*

झालं! त्या रामापुढे काहीही परकं नको, असं काकांनी ठरवलं. रामनवमी महिन्यावर आली आणि फर्मान निघालं, "बाजाची पेटी बंद! साहेबाचं वाद्य!"

पेटी वाजवतात काकू. माहेरून आणलेली पेटी. रामनवमीसाठी त्यांनी एक नवीन चाल बसवली होती, रोज दुपारी रियाज चालायचा. त्या फक्त "बरं" म्हणाल्या आणि पेटी पलंगाखाली गेली.

रविवारी पेटीविना भजन झालं. प्रत्येकाने आपापली पट्टी धरली. समोरच्या घरातल्या अक्का धावत आल्या, "कुणाला काय झालं?"

*

मग एकादशी आली. काका खिचडीची वाट बघत बसले. काकूंनी ताटात एक केळं ठेवलं.

"खिचडी?"

"अहो, बटाटा, मिरची, शेंगदाणे, सगळं फिरंग्यांच्या जहाजातून आलेलं. साबुदाण्याची चौकशी चालू आहे."

*

रामनवमीला काका रिक्षातून उतरले ते पेटी छातीशी धरून. घामाघूम! मागून काकू नव्या साडीत.

रामण्णांनी विचारलंच, "अण्णा, हे साहेबाचं वाद्य नव्हे काय?"

काकांनी पेटी रामापुढे ठेवली, उपरण्याने पुसली आणि काकूंसमोर सरकवली.

"लढाईत जिंकलेला माल आहे. वाजव!"