तेरा अक्षरांचा सौदा

आमच्या आतोबांइतकं मोठं इंग्रजी अख्ख्या वऱ्हाडात कोणाला येत नव्हतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. मोठं म्हणजे लांब. चांगलं, व्याकरणशुद्ध इंग्रजी येणारे तेव्हाही पुष्कळ होते. वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चालायचा, तिथले साहेब होते, आमच्या चिखलीचे वकील होते, आणि त्याच गावच्या शाळेत इंग्रजी शिकवणारा मीही होतो. पण आतोबांच्या लेखी ही सगळी आखूड इंग्रजीची मंडळी. दहा अक्षरांच्या खालच्या शब्दाला ते शब्दच मानत नसत. मी नोकरीला लागलो आणि त्यांच्याच घरी राहायला गेलो, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी माझं क्रमिक पुस्तक चाळलं आणि बाजूला ठेवून दिलं. "मास्तर, पोरायले असे तीन-तीन अक्षराचे शब्द शिकवून तू पगार घेऊन राह्यला? लाज नाई वाटत बे तुले?"

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. धंदा कापसाच्या बाजारात दलालीचा, शिक्षण इंग्रजी तिसरीपर्यंत, अंगात काळा कोट आणि कोटाला सदैव चिकटलेला कापूस. इंग्रजी अक्षरांचा नाद त्यांना लागला तो कापसाच्या गाठींवरच्या शिक्क्यांपायी. जिनातून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, निघालेल्या प्रत्येक गाठीवर मालकाच्या नावाची दोन-तीन इंग्रजी अक्षरं रंगवलेली असत. एका दुपारी गिऱ्हाईक येईना म्हणून बसल्या बसल्या त्यांना वाटलं, ही तिन्ही अक्षरं एकाच शब्दात सापडतील का? सापडली. त्याहून लांब शब्द असेल का? होता. झालं, माणूस कामातून गेला! पुढं कोणी नुसतं नाव सांगितलं तरी आतोबा त्यातली अक्षरं वेचून डोळे मिटायचे. एकदा सोनाळ्याहून व्याही आले होते. पंगतीत बसले, पहिला घास घेणार एवढ्यात आतोबा ओरडले, "व्याहीबुवा, लई भाग्याचं गाव हाय तुमचं! पुऱ्या पंधरा अक्षराचा शब्द निघते!" आणि त्यांनी काँग्रॅच्युलेशन्स हा शब्द अक्षर-अक्षर करून म्हणून दाखवला. व्याह्यांनी भीत भीत अर्थ विचारला. "अर्थ मास्तर सांगन. आपल्याकडे फक्त लांबी." मी म्हटलं, "अभिनंदन." व्याही असे खूश झाले की पुरणपोळी नको नको म्हणणारा माणूस चार पोळ्या जेवून उठला.

हे सगळे शब्द ते उतरवून आणायचे गावच्या वाचनालयातल्या इंग्रजी कोशातून. तो जाडजूड कोश गावात एकच. बाजार उठला की आतोबा तिथं जाऊन बसत, शब्द चिठ्ठ्यांवर लिहून घेत आणि घरी आत्याच्या उतरंडीतल्या गाडग्यांत टाकत. त्यातही अक्कल होती हो, थट्टा नाही. शब्दातलं जे अक्षर सगळ्यात दुर्मिळ, त्या अक्षराच्या गाडग्यात ती चिठ्ठी जायची. "रस्त्यात भेटणाऱ्या अक्षराच्या मागं काऊन धावायचं? जे भेटत नाई त्याले पह्यले धरा, बाकीचे आपोआप येते," हे त्यांचं शास्त्र. शिवाय कोणत्या गाडग्यात सगळ्यात लांब शब्द किती अक्षरांचा, हे त्यांना पाठ असे. आत्याला मात्र डाळी ठेवायला भांडं उरलं नव्हतं. "एखांद्या दिवशी याच चिठ्ठ्या शिजवून वाढतो," असं ती महिन्यातून दोनदा तरी म्हणे.

मग वाचनालयाचे चिटणीस, म्हणजे आमचे वकीलसाहेब, एकदा स्वतः कोश उघडायला गेले आणि पानापानांतून सरकी निघाली. एका पानावर तर सरकी चेपून तेलाचा डागच पडला होता. वकीलसाहेब मुळात वाईट नव्हते, पण त्या दिवशी भडकले. कोश कपाटात, कपाटाला कुलूप, आणि वर जाहीर बोलणं, "ज्याला एका शब्दाचा अर्थ कळत नाही, त्याला कोश कशाला?" आतोबा घरी आले ते न जेवता भिंतीकडे तोंड करून पडले. तीन दिवस बाजारात गेले नाहीत. आत्या माझ्याजवळ येऊन रडकुंडीला आली. "त्याइले दारू नाई, तंबाखू नाई, एक ते पुस्तक. ते बंद झालं त माणूस सुकून जाईन रे." मी वकीलसाहेबांकडे रदबदलीला गेलो. ते हसले आणि म्हणाले, "ठीक आहे. रविवारी वाचनालयात या. चार अक्षरं मी सांगेन. ती चारही ज्यात आहेत असा एकेक शब्द आम्ही दोघांनी द्यायचा, कोश न पाहता. त्यांचा लांब निघाला तर कपाट उघडं. नाहीतर पुन्हा पायरी चढायची नाही."

रविवारी सारा बाजार वाचनालयात लोटला. फळ्यापाशी खडू घेऊन मी पंच. वकीलसाहेबांनी अक्षरं सांगितली: जे, पी, डी, सी. कोर्टात उठता-बसता वापरायचा शब्द त्यांनी आधीच मनात धरला होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण आतोबांनी हरकत घेतली नाही, खांद्यावरचा रुमाल काढला. कापसाच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालून बोटं दाबून सांगतात, आणि एकदा दाबलेला भाव मागं घेता येत नाही. "सौदा आमच्या रीतीनं होईन. पह्यले किती अक्षरं ते रुमालाखाली सांगा, मंग शब्द." वकीलसाहेबांना गंमत वाटली. त्यांनी रुमालाखाली माझा हात धरून दाबला: दोन पंजे आणि एक बोट. अकरा. मग आतोबांचा घट्टे पडलेला, घामेजलेला हात आला. दोन पंजे. तीन बोटं. तेरा!

मी आकडे जाहीर केले आणि बाजारानं आरोळी ठोकली. वकीलसाहेबांनी आपला शब्द दिला, प्रेज्युडिशियल. मी लिहिला, मोजला, चोख अकरा. मग आतोबांकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक! माझ्या कानाशी येऊन ते पुटपुटले, "मास्तर, 'जे'च्या गाडग्यातला सगळ्यात लांब शब्द तेराचा हाय अन् त्यात ही चारही अक्षरं हाय, हे पक्कं. पण तो कोणता, ते आठवून नाई राह्यलं." अहो, काय म्हणावं या माणसाला! भाव ठरला आणि माल कुठं आहे याचा पत्ता नाही! लोक कुजबुजू लागले. वकीलसाहेबांनी घड्याळ काढलं.

आतोबांनी डोळे मिटले आणि उजवा हात पुन्हा रुमालाखाली घातला, या वेळी स्वतःच्याच डाव्या हातात. एकेक बोट दाबत ते सावकाश बोलू लागले. "जे... यू... आर... आय... एस..." मी फळ्यावर लिहीत गेलो. "पी... आर... यू..." इथं वकीलसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. त्यांच्या ओळखीचा शब्द होता तो; ज्या विषयाची परीक्षा देऊन ते वकील झाले त्या न्यायशास्त्राचं इंग्रजी नाव, त्यांच्या दिवाणखान्यातल्या चामडी पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत छापलेलं! "डी... ई... एन..." आतोबा क्षणभर थांबले, आणि उरलेलं "सी, ई" वकीलसाहेबांच्याच तोंडून बाहेर पडलं. जुरिस्प्रूडन्स. तेरा अक्षरं, आणि चारही अक्षरं हजर. चिखलीच्या बाजारानं आतोबांना उचललं, टोप्या उडाल्या, आणि मी, शाळेचा मास्तर, खडू फेकून नाचलो. आजही त्याची मला लाज वाटत नाही.

गलका ओसरल्यावर वकीलसाहेबांनी विचारलं, "या शब्दाचा अर्थ माहीत आहे?"

"नाई ना, साहेब. मले समजत नाई, तुम्हाले आठवला नाई. बरोबरीच झाली म्हणा!"

वकीलसाहेब पोट धरून हसले आणि कपाटाची किल्ली त्यांनी आतोबांच्या हातात ठेवली. त्या दिवसापासून दोघं संध्याकाळी कोशाशी शेजारी बसू लागले. एक लांबी सांगे, दुसरा अर्थ. आतोबा हात धुऊन, कोट दाराबाहेर काढून मगच आत जात.

दोघंही आता नाहीत. माझी पुढं नागपूरला बदली झाली, घर झालं, पगारातून मी स्वतःचा कोशही घेतला. त्याला कुलूप नाही, पण माझ्याशिवाय कोणी हातही लावत नाही. कधीमधी एखादा चौदा-पंधरा अक्षरांचा शब्द सापडतो. मी बोटावर मोजतो, पुन्हा मोजतो, बरोबर भरतो. मग आनंदानं मान वर करतो आणि लक्षात येतं, की हे ज्याला सांगायचं तो माणूसच आता नाही.