सतारीचा भुसा आणि सुभेदाराची कोपी

फोन आला तेव्हा मी वाईत, घाटाजवळच्या चहाच्या टपरीवर हणमंताचीच गोष्ट रंगवून सांगत होतो. म्हसवडजवळच्या आमच्या गावचा सुभेदार हणमंत, माझा लहानपणापासूनचा दोस्त, जीपच्या मागं जोडायचं चाकांवरचं घर बांधतोय आणि त्यात थेंबभरही पाणी न लागणारा संडास बसवतोय, एवढं खरं होतं. दिल्लीहून शास्त्रज्ञ येऊन त्या संडासाचं माप घेऊन गेले, ही माझी भर. लोक हसत होते. फोनवर वहिनी होत्या. "भावजी, ह्ये उठंनात," एवढंच म्हणाल्या... मी वळून टपरीवर सांगितलं, "हणमंत गेला." त्यावरही लोक हसले. एकानं विचारलं, "कुठवर गेला? काश्मीर गाठलं का?" तीस वर्षं एसटी हाकताना मी ज्या थापा मारल्या, त्यांची शिक्षा मला त्या एका प्रश्नात मिळाली. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा चहावाल्यानं गॅस बंद केला.

महिना उलटला, पण डोकं अजून मानत नाही. टायरची हवा तपासायला म्हणून तो अंगणात गेला आणि चाकाला पाठ टेकून बसला. येणारेजाणारे म्हणाले, सुभेदार उन्हाला बसलाय. छातीत कळ नाही, हाक नाही, काही नाही. साठी ओलांडल्यावरही गावची टेकडी पळत चढणारा माणूस. त्याआधी चारच दिवस तो माझ्या दारात उभा होता... बसलेला माणूस उठत नाही म्हणजे काय, हे मला कुणीतरी नीट समजावून सांगायला पाहिजे.

चाकांवरचं हे घर त्यानं हौसेनं बांधलं असं गाव समजतं. ऊसतोड्यांच्या झोपडीला आमच्याकडं कोपी म्हणतात, म्हणून पोरांनी त्याला 'सुभेदाराची कोपी' नाव ठेवलं. खरं कारण वहिनी. लग्नानंतर त्या एकदाच नवऱ्याच्या नोकरीच्या गावाला, जबलपूरला निघाल्या होत्या. वाटेत गाड्या गच्च, बाईमाणसाला जायला जागा नाही, म्हणून दोन दिवस पाण्याचा घोट घेतला नाही, आणि जबलपूरऐवजी परत येऊन मिरजेच्या दवाखान्यात पडल्या. त्यानंतर संध्याकाळपर्यंत घरी परतता येईल तेवढंच त्यांचं जग. लग्नाला जायचं असलं तरी आदल्या रात्रीपासून पाणी बंद. हणमंताची पत्रं जबलपूरहून, पठाणकोटहून, जोरहाटहून यायची. ती गावं एकदा बघायची, एवढी एकच इच्छा त्यांनी कधीतरी बोलून दाखवली होती. फौजेतून निवृत्त झाल्यावर हणमंत मला म्हणाला, "गड्या, आमी देशभर खंदक खणले. पर घरच्या बाईला एक आडोसा देता आला न्हाई."

मग संडासाचं संशोधन सुरू झालं. सांगलीच्या एका सॅनिटरीच्या दुकानात आम्ही इतक्या वेळा गेलो की मालक आम्हाला बघून शटर ओढायला लागला. पाण्याचा घ्यायचा तर टाकीच्या वजनानं जीप घाटात मागं येणार. शिवाय दुष्काळी माणदेशातला माणूस, प्यायचं पाणी त्यात ओतायला त्याचा हात धजावेना. निळ्या औषधाच्या पेटीचा घ्यायचा तर ती पेटी रिकामी करायची कुणाच्या दारात? उरला कोरडा. त्यात भांड्याचेच दोन भाग. "पुढचं पुढं, मागचं मागं," हणमंत भर दुकानात गिऱ्हाइकांना समजावत होता. "एकत्र झालं की घाण, येगळं ठेवलं आन् वर कोरडा भुसा टाकला की वरीसभरात खत." मालक म्हणाला, "सुभेदार, हळू बोला. आत नवरा-नवरी टाइल्स बघाय लागल्यात."

भुश्यापाशी मात्र आमची अक्कल ऊसपट्ट्यातली निघाली. हणमंताच्या मेहुण्याचं सांगलीजवळ गुऱ्हाळ आहे. तिथली वाळलेली चिपाडं बारीक करून आम्ही पोतं भरून आणलं. उद्घाटनाचा मान माझा. मी आत बसलो, वरून भुसा टाकला, दोन-चार दिवस सगळं सुगंधी चाललं. पाचव्या दिवशी मुंग्या आल्या. चिपाडातला गोडवा आम्ही विसरलो होतो, मुंग्या विसरल्या नव्हत्या. पलटणीच्या पलटणी, तीन-तीनच्या रांगेत, म्हसवडच्या तर होत्याच, काही कऱ्हाडहून एसटीनं आल्या असाव्यात. मी ज्या अवस्थेत बाहेर पडलो ती वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापण्यासारखी नाही. वहिनी ओसरीवरून म्हणाल्या, "आपलीच घाण संगं घिऊन गावोगाव हिंडायचं, त्यात आन् ह्यो मुंग्यांचा बाजार. मी न्हाई येत." आणि आत निघून गेल्या. हणमंत हसला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की हा गंमत करत नाहीये.

तोड मिरजेत सापडली. वहिनींच्या तपासणीला गेलो असताना सतार बनवणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दारात हणमंताला लाकडाच्या बारीक, हलक्या भुश्याचा ढीग दिसला. म्हाताऱ्यानं विचारलं, "कशाला पाहिजे?" मी पुढं होऊन म्हणणार होतो की गणपतीची मूर्ती पॅक करायची आहे, थाप जिभेवर तयार होती. हणमंत सरळ म्हणाला, "संडासाला." म्हाताऱ्याचे हात थांबले. "आमच्यात ह्या लाकडाला पाय लावत नाहीत, सुभेदार." "व्हय, म्हाइत हाय," हणमंत म्हणाला, आणि जबलपूरची सगळी हकिकत त्यानं उभ्याउभ्या सांगितली. म्हातारा सतारीच्या भोपळ्यावरून हात फिरवत राहिला. मग स्वतःच फावडं घेऊन पोतं भरायला लागला. म्हणाला, "सतार तरी कोण स्वतःसाठी वाजवतं."

त्या भुश्यावर ना मुंगी आली, ना वास. मरणाच्या चार दिवस आधी चाचणी म्हणून दोघं कोपी घेऊन वाईला माझ्याकडं आले. मी वहिनींना विचारलं, "प्रवास कसा झाला?" त्या पदराआड हसत म्हणाल्या, "वाटंत दोन तांबं पाणी प्याले." हणमंतानं माझ्याकडं असं बघितलं, जणू छातीवर पदक लागलंय. पुढच्या आठवड्यात जबलपूरला निघायचं ठरलं होतं...

परवा मी गावी गेलो तर वहिनी म्हणाल्या, "कोपीची किल्ली घ्या, भावजी. मला बघायचीय." कोपी विकायचं म्हणत असतील असं मला वाटलं. त्या आत गेल्या आणि संडासाच्या झाकणावरच बसल्या. मग म्हणाल्या, "हितनं समदं दिसतंय. रस्ता, टेकडी, समदं." तिथं एक वीतभर खिडकी आहे, हे मी बघितलंच नव्हतं. उभ्या माणसाच्या ती कमरेशी येते. मी आत वाकलो. खिडकीच्या कडेला पत्र्यावर पेन्सिलीची एक आडवी रेघ होती आणि रेघेपुढं सुभेदारी, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'कमल'. बसल्यावर वहिनींचे डोळे कुठवर येतात त्याचं माप. एवढ्या वर्षांत हणमंतानं बायकोला नावानं हाक मारल्याचं मी एकदाही ऐकलं नव्हतं. 'अगं' आणि 'ऐकलं का', बस्स.

वहिनी त्या अक्षरांकडं बघत होत्या. बोट मात्र लावलं नाही.

"ह्यांनी कवा लिवलं म्हनायचं ह्ये," त्या म्हणाल्या. एखादी तारीख ठोकून द्यायची थाप जिभेवर आली होती, ती मी गिळली.

मग त्यांनी विचारलं, "जबलपूरला किती दिस लागत्याल? तुमी हाकाल का? तुमच्या घरच्या बाईंस्नी बी संगं घ्या."

आतून सगळ्या पत्र्याला पांढरा रंग झालाय, रेघेचा आणि नावाचा तेवढाच हातभर तुकडा राहिलाय. तो तसाच ठेवून येत्या आठवड्यात वहिनी, माझी बायको आणि मी, आम्ही तिघं निघतोय.