ताम्रकेतू चुकीच्या क्वार्टरमध्ये घुसला

आमचा विलास चोवीस वर्षांचा घोडा झाला तरी ताम्रकेतू वाचायचा, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये. पिपलानीच्या बाजारात एका सायकल दुकानात हिंदी कॉमिक्स भाड्याने मिळायची. या ताम्रकेतूचे हात तांब्याचे. दिवसा साधा मजूर, आणि कुठे बाई ओरडली की भिंत फोडून आत. जबडे मोडायचा, बरगड्या मोडायचा, पोलीस यायच्या आत गायब. कोणासाठी मारलं हे मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, हे त्याचं व्रत. सुटलेली बाई शेवटच्या पानावर हात जोडून उभी. तिला नाव नसायचं, बोलणं तर नसायचंच. मला तो मेला कधी आवडला नाही.

विलासला मात्र तो घरच्या माणसासारखा. बाबा नागपूरहून इकडे पिपलानीच्या सरकारी कारखान्यात आले आणि पुढे विलासही तिथेच मोटारींच्या वाइंडिंगला, तार गुंडाळायच्या कामाला लागला. दिवसभर तारेची टोकं खरवडून त्याच्या बोटांना तांब्याची पूड लागायची. ती न धुता घरी यायचा आणि म्हणायचा, "विजूताई, हात बघ." मी म्हणायची, "जेवायच्या आधी साबण लावा, केतूमहाराज."

मला कारखान्याच्याच टाउनशिपमध्ये दिली. नवरा उदय मोकाशी, स्टोअरमध्ये हेडक्लार्क. बोलणं इतकं मऊ की बाबा भाळले. पहिल्याच दिवाळीला उटणं भिजवायला उशीर झाला म्हणून त्याने माझं डोकं न्हाणीतल्या नळावर आपटलं. पुढे पट्टा, कधी चप्पल, एकदा तापवलेलं उलथनं. माहेरी जायचं नाही, भावाने यायचं नाही. पाच वर्षं मी कुणाला काही सांगितलं नाही. लाज वाटायची, दुसरं काय.

शेजारी कुजबुजायला लागले तेव्हा उदयने म्युच्युअल केलं. म्हणजे दोन नोकरदारांनी आपसांत क्वार्टर बदलायचं. ऑफिसने शिक्का मारला की रविवारी हातगाडीवर इकडचा संसार तिकडे. घरं सगळी एका साच्यातली, तेच हिरवं दार, त्याच दोन पायऱ्या. दारावरची नावाची पाटी मात्र ऑफिसचा पेंटर येईल तेव्हा बदलते, आणि तो महिना-महिना फिरकत नाही. बाळकृष्ण सोनटक्के नावाचे कारखान्यातले टर्नर आमच्या घरात आले आणि आम्ही तीन ओळी पलीकडे त्यांच्या घरात गेलो. विलासला याचा पत्ताच नव्हता.

पंधरा दिवसांनी उदयने माझं मनगट मोडलं. दवाखान्यातला कंपाउंडर कुठेतरी बोलला आणि ते फिरत फिरत वाइंडिंगवाल्यांच्या चहापर्यंत गेलं. उदय जेवायच्या सुट्टीत घरी सापडेल म्हणून विलास पाळी अर्धी टाकून भर दुपारी निघाला. आमच्या जुन्या दारावर पाटी अजून उ. न. मोकाशी. त्याने लाथेने दार उघडलं. आत पडदे ओढलेले, आणि खाटेवर रात्रपाळी करून आलेला माणूस तोंडावर चादर घेऊन झोपलेला.

विलासने त्याला चादरीसकट मारलं. आधी मुठींनी. जबडा मोडल्याचा आवाज ऐकू आला, असं तो स्वतः सांगतो. चादर लाल झाली तरी थांबला नाही, स्टूल उचललं. त्या स्टुलाचा पाय डोळ्यात गेला. सोनटक्क्यांची बायको शशिकला मागच्या अंगणातून हातातलं धुणं टाकून धावत आली. "अहो, यांनी काय केलंय तुमचं?" तो आवाज माझा नव्हता, तेव्हा कुठे याने चादर ओढली. मग त्याच माणसाला खांद्यावर टाकून हा दवाखान्यापर्यंत पळाला. रक्त चपलेत उतरलं होतं.

संध्याकाळी उदय घरी आला तो हसतच. "तुझा भाऊ सोनटक्क्याला माझा मार देऊन आला," म्हणाला. पोट धरून हसला आणि मग पट्टा काढला, कारण मार तर त्याच्यासाठी होता ना.

इथवर विलासने केलं ते रागाच्या भरात, समजू शकते. पुढचं मात्र निव्वळ गाढवपणा. पोलिसांनी कारण विचारलं तर विलासने सांगितलं, सोनटक्क्यांशी जुनं वैर होतं. बहिणीचं नाव निघू द्यायचं नाही, म्हणे. सोनटक्क्यांचा जबडा तारेने बांधलेला, त्यांना बोलताच येईना. वकिलाने मला सरळ सांगितलं, वैराने मारलं म्हणाल तर तो सात वर्षं आत जाईल, खरं सांगाल तर जज ऐकतील.

उदय ऑफिसात असताना मी जेलमध्ये भेटायला गेले. म्हटलं, "खरं काय ते सांग."

"तो कधी सांगत नाही, ताई."

"अरे, तो कागदावरचा आहे. त्याला आई नाही, पोट नाही. तुझी आई तिकडे अन्नाला शिवत नाहीये."

त्याने मान फिरवली. म्हणजे आता बोलायचं ते मीच, भर कोर्टात, नवऱ्याविरुद्ध.

तारखेच्या दिवशी सकाळी उदयने मला चौकटीवर आपटलं. दोन दात पडले. बाहेरून कडी घालून तो ऑफिसला गेला, शिस्तीचा माणूस. मी मोडक्या हाताने अंगणाची भिंत चढले. मी साक्ष देणार हे आधीच कळवलं होतं, म्हणून पलीकडच्या गल्लीत शशिकलाबाई रिक्षा घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या नवऱ्याचा डोळा गेला होता आणि त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की का गेला ते कुणीतरी खरं सांगावं. रिक्षात त्यांनी आपला पदर माझ्या तोंडाला लावून धरला.

मी बोलले. दातांतून हवा जात होती, तरी तारखा सांगितल्या, पट्टा सांगितला, उलथनं सांगितलं. विलास समोर खाली मान घालून रडत होता. त्याला दोन वर्षं झाली. सोनटक्क्यांचा डोळा गेला तो गेलाच, त्याची भरपाई माझ्या बोलण्याने होत नाही. मी परत मोकाश्यांच्या घरी गेले नाही. नेहरू नगरला खोली घेतली आणि एम. पी. नगरमध्ये एका कार्यालयात टायपिंगला लागले.

सुटल्यावर विलास सरळ माझ्याकडे आला. कारखान्याची नोकरी गेलेली, गाल बसलेले. मी पिठलं-पोळी वाढली. दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "तू कोर्टात बोलायला नको होतंस. मी सात वर्षं काढली असती. आता लोक म्हणतात, याला बहिणीने सोडवलं."

मी त्याच्या कानाखाली काढली. चांगली जोरात, माझी बांगडी फुटली. पाच वर्षं मार खाऊन मी कुणावर बोट उचललं नव्हतं, आणि उचलला तो हात याच्यावर, माझ्यासाठी धावून आलेल्या एकट्या माणसावर. माझी मलाच शरम वाटली. त्याचं डोकं पोटाशी धरावं असंही वाटलं.

त्याने गाल धरून ताट बाजूला सारलं. मग हळूच म्हणाला, "ताई, खूप दुखायचं का गं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. वकिलाने नाही, जजने नाही, आईनेही नाही. मी हो म्हणाले.