टेस्ट पेज मात्र छान यायचं

अलिबागला कोर्टासमोरच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. कॉम्प्युटर जुना, त्यातली सिस्टिमही तेवढीच जुनी. माझा हात टाइपरायटरवर बसलेला आणि माझा मराठी फॉन्ट नव्या मशीनवर धड चालत नाही, म्हणून मी तो सोडत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी प्रिंटर बिघडला आणि नवा घ्यावा लागला. तो बसवायला नेहमीचाच माणूस आला. पालीकडचा, चाळिशीतला, बोलायला गोड. त्याने प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, टाकला आणि जाता जाता म्हणाला, "मॅडम, ही सिस्टिम आता फार दिवस साथ देणार नाही. माझ्याकडे एक चांगलं मशीन आलंय, बघून ठेवा."

ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. कारण त्याच आठवड्यात प्रिंटर रुसायला लागला. प्रिंटची आज्ञा दिली की पडद्यावर चौकट यायची, ड्रायव्हर बंद पडला आहे. मग कागदांची रांगच अडकायची. पुसता येईना, पुढे सरकेना. त्याला बोलवावं तर तो रांग साफ करायचा, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायचा आणि टेस्ट पेज, म्हणजे प्रिंटरचं ठरलेलं चाचणीचं पान, काढून दाखवायचा. पान कसं स्वच्छ यायचं. तो स्कूटरवरून गल्लीबाहेर गेला की तासाभरात पुन्हा तेच.

तीनदा असं झाल्यावर मला दुसरं काही सुचेना. हाच काहीतरी करून जातोय. चौथ्यांदा आला तेव्हा मी त्याच्या खांद्यामागे उभी राहिले. त्याची बोटं भरभर चालत होती.

"हे काय दाबलंत?"

"जुन्या फायली काढतोय, मॅडम."

"कुठल्या? माझ्या?"

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे वळला.

त्या दिवशी काशीदहून एक म्हातारी आली होती. आधार कार्डावर तिचं माहेरचं नाव, सातबाऱ्यावर सासरचं. दोन्ही नावांची बाई मीच, असं प्रतिज्ञापत्र तिला हवं होतं. आदल्या दिवशीही ती एसटीने येऊन रिकाम्या हाताने गेली होती. टेस्ट पेज झकास आलं. तिचं प्रतिज्ञापत्र प्रिंटला पाठवलं आणि ड्रायव्हर पुन्हा बंद.

माझा तोल गेला. "तुम्हाला मशीन विकायचंय ना? मग सरळ सांगा. दर वेळी बिघडवून कशाला जाता?"

बाकावर अजून दोघं बसले होते, तेही ऐकत राहिले. त्याने शांतपणे पिशवीची चेन लावली. "मॅडम, इतकी वर्षं येतोय मी," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

म्हातारी मात्र हलली नाही. तिचा संशय भलतीकडेच होता. "काल पन बंद, आज पन बंद. बाई, खरं सांग, माज्या दिराकडचं कोनी येऊन गेलंय काय तुज्याकडं?"

"नाही हो आजी. मशीनच बिघडलंय."

"मंग त्याचा कागद कसा निघला?" तिने टेस्ट पेजकडे बोट केलं. मग पडद्याजवळ येऊन आपल्या कागदाच्या मथळ्याकडे बघत राहिली. "ही नक्षी कशाला हाय वरती? माजं काय लगीन हाय? मला न्हाय पायजे. काढ ती."

तिच्या समाधानासाठी मी मथळ्याचा फॉन्ट बदलून साधा केला. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, अडकलेली रांग साफ केली, पुन्हा प्रिंट दिली. कागद सरसर बाहेर आला. मी आणखी एक प्रत काढली. तीही आली.

म्हातारी कागद उलटसुलट करून बघत म्हणाली, "आता कसा निघला?" तिचा माझ्यावरचा संशय वाढलाच असावा. पदरात कागद गुंडाळून ती नोटरीकडे गेली.

मी तशीच बसून राहिले. तो नक्षीदार फॉन्ट मीच टाकला होता. प्रिंटर आला त्याच आठवड्यात, लग्नपत्रिका छापणाऱ्या एकाकडून पेनड्राइव्हवर आणून. मथळा देखणा दिसावा म्हणून. खात्री करायला मी एका कोऱ्या पानावर त्यातला एकच शब्द टाइप करून प्रिंट दिली. ड्रायव्हर बंद.

संध्याकाळी त्याच्या दुकानात गेले. तो कोणाचा तरी कीबोर्ड झटकत होता. मी सगळं सांगितलं, आणि "चुकलं माझं" असंही म्हणाले, जरा पुटपुटतच. त्याने कीबोर्ड बाजूला ठेवला.

"फाइल खराब असेल फॉन्टची," तो म्हणाला. "टेस्ट पेजमध्ये तो फॉन्ट येतच नाही. तुमचा मराठी कागद मी एकदा तरी काढून बघायला हवा होता."

"मी बोलायला नको होतं. चारचौघांत तर नकोच."

"ते झालं आता."

फॉन्ट मी काढून टाकला. प्रिंटर त्या जुन्या सिस्टिमवर अजून चालतोय. तोही येतो, अजून गोडच बोलतो. फक्त हल्ली आला की आधी पडदा माझ्याकडे वळवतो आणि प्रत्येक बटण दाबण्यापूर्वी मोठ्याने सांगतो, "मॅडम, आता हे दाबतोय." मी दर वेळी नको म्हणते. तो ऐकत नाही.