ग्रीप माझ्या खिशात होती

भुतंखेतं, करणी, बाहेरचं… यातलं काही मी आयुष्यात मानलं नाही. मी वायरमन होतो. तारेत करंट आहे किंवा नाही, एवढंच मला ठाऊक. तरी जे घडलं ते घडलं, आणि त्यावरून माझ्या सुनेला जे बोललं गेलं ते वाचून आज लिहायला बसलोय. तो व्हिडिओ या ग्रुपवरही फिरला होता. ‘लाईकसाठी मेलेल्या सासूला विकलं’ असं इथल्याच एका शहाण्यानं लिहिलं आणि खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. त्या सगळ्यांनी आता हेही वाचावं.

आमचं घर ताडकळसला, बाजाराच्या मैदानामागं. मुलगा पूर्णेला कामाला जातो. सून सारिका घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. कंपनी घरगुती पिठाच्या गिरण्या विकते. फेसबुक, इन्स्टाग्रामवर गिऱ्हाईक विचारणार – ज्वारी बारीक दळते का, आवाज किती येतो – आणि ही उत्तरं देणार. तिच्याबरोबरचं एक जण लातूरला, एक नाशिकला, साहेब पुण्यात. कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. सकाळी ग्रुपवर हिरवा ठिपका लागला की हजेरी. चहाच्या कपाचं चित्र टाकलं की सुट्टी. हे काम तिला मिळालं तेही ओळखीनं नाही, स्वतःच्या पोस्टी लिहून लिहून.

हे मला आज कळतं. तेव्हा मला काम म्हणजे खांबावर चढणं.

माझ्या बायकोला मात्र कळत होतं. कौसा चौथी शिकलेली, पण सारिका लॅपटॉपसमोर बसली की ही तिच्या मागं, दाराशी पाट टाकून सूप घेऊन बसायची. ज्वारी निवडायची. कुणी शेजारीण आली की मान न वळवता नुसता हात वर करायची – तिथंच थांब. मग हळूच म्हणायची, “सून कामावर हाय. मागून या.” मी आलो तरी तोच हात. मला त्याचा राग यायचा. माझ्या घरात मलाच थांबवते!

कौसा गेली. पाट भिंतीला उभा राहिला. मग सारिकाचं दार कुणीही ढकलायला लागलं, आणि गावात बोलणं सुरू झालं. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात माझ्यासमोर चहा ठेवून एक जण म्हणाला, “काय वायरमन, सून दिवसभर कुणासंगं हसायली? तुमच्या घरची लाईन चोवीस तास चालू हाय जणू.” सगळे हसले. मीही हसलो. बशी त्याच्या तोंडावर मारायला पाहिजे होती. ते सोडून मी घरी येऊन सुनेकडं रागानं बघायला लागलो.

त्या दिवशी बाजार होता. दुपारी सारिकाचा लाईव्ह कार्यक्रम. गिरणी समोर ठेवून दळून दाखवायचं, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. “मामा, हे नीट झालं की मला कायम करणारेत. अर्धा घंटा कुणाला आत येऊ देऊ नका,” एवढं सांगून ती आत गेली. मी ओट्यावर बसलो. तिचं हसणं बाहेर ऐकू यायला लागलं, बाजाराला निघालेली माणसं माना वळवून बघायला लागली, आणि माझं डोकं फिरलं. उठलो. मीटरजवळच्या बोर्डातून फ्यूजची ग्रीप – तार बसवलेला तो चिनीमातीचा ठोकळा – उपसली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

आमच्या धंद्यात ग्रीप खिशात ठेवतात ती खांबावरच्या माणसाचा जीव वाचावा म्हणून. मध्येच कुणी लाईन चालू करू नये म्हणून. मी ती सुनेचं तोंड बंद करायला ठेवली.

फॅन थांबला. टेबलावर गिरणी गरगरत होती ती… थांबली नाही. सारिकाचं बोलणंही थांबलं नाही.

मी दारात गेलो. ती माझ्याकडं पाठ करून बोलत होती. लॅपटॉप चालू, गिरणीतून पीठ पडतंय. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. लॅपटॉपची बॅटरी कधीची गेलेली, वायर काढली की तो मरायचा. इन्व्हर्टर नाही. वायफायचा डबाही लाईटवरच चालायचा. मोबाईलला रेंज हवी तर अंगणात यावं लागतं. आणि गिरणी? तिला कुठली बॅटरी? मी खिसा चाचपला. ग्रीप होती. मी मागं सरलो, ओट्यावर येऊन बसलो. कार्यक्रम संपल्याचं ऐकू आलं तेव्हा ग्रीप जागेवर लावली.

सारिका खुशीत बाहेर आली. “मामा, माझ्या मागं कोण बसलं होतं? सगळे विचारायलेत.”

मी म्हणालो, कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी मुलानं व्हिडिओ दाखवला. सारिका बोलतेय, आणि तिच्या मागं दाराशी कौसा बसलीय. हिरवं लुगडं, मांडीवर सूप. गिऱ्हाईकांनी लिहिलंय, ताई, तुमच्या आई किती मन लावून निवडतात! मग दारात मी येतो, खिशावर हात ठेवून. कौसा मान वळवत नाही. नुसता हात वर करते. मी मागं सरतो.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. गावातल्या कुणीतरी ‘ही बाई वारलेली आहे’ असं लिहिलं आणि हजारो तज्ज्ञ जन्माला आले. एडिटिंग आहे, फिल्टर आहे, एआय आहे. गिरणी सोडून सगळे सुनेवर घसरले. साहेबांचा फोन आला, असल्या नाटकानं कंपनीचं नाव जातं म्हणाले. कायम करणं राहिलं बाजूला, होतं ते काम गेलं.

घरात भाऊबंद जमले. सारिका सगळ्यांसमोर माझ्याकडं वळली. “मामा, तुमी दारात होता. तुमीच सांगा, मी काही केलं का?”

लाईट बंद होती, मी बंद केली होती, मग ही काय एडिटिंग करणार – एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “मला त्या मोबाईलमधलं काही कळत न्हाई.”

त्याच महिन्यात दोघं परभणीला भाड्याच्या खोलीत गेले. गावात मी बिचारा ठरलो. लोक मला चहा पाजायचे, सुनेला नावं ठेवायचे, आणि मी तो चहा प्यायचो.

परवा परभणीला गेलो. तिला दुसरं काम मिळालंय, पण कॅमेऱ्यासमोर येत नाही, नावही बदलून लिहिते. मी ग्रीपचं सगळं सांगितलं. तिनं लॅपटॉपवरची नजर हलवली नाही.

“मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, मामा. फॅन बंद होता. आन् व्हिडिओत तुमचा खिसा दिसतो.”

“मग तवाच बोलली काऊन न्हाईस?”

“मी बोलून कोण ऐकणार होतं? मी तर खोटारडी ठरले होते. ते तुमी बोलायचं होतं.” मग म्हणाली, “आता मला मीटिंग हाय.”

मी उठलो आणि बाहेर पायरीवर बसलो. शेजारीण काहीतरी मागायला आली, तिला म्हणालो, सून कामावर आहे, मागून या.

त्या दुपारी करंट कुठून आला, मला अजून कळलेलं नाही. जन्मभर लाईनवर काम केलेल्या ओळखीच्या माणसांना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. मी दारात उभा असताना पाट तर भिंतीला टेकवलेला होता, मग ती कशावर बसली होती, तेही कळत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर खाली लिहा.

सुनेबद्दल मात्र आता एक अक्षर लिहायचं नाही. जे लिहायचं ते माझ्याबद्दल लिहा.