वंदनाच्या दुकानातली रडणारी फाईल

पंक्चरच्या दुकानात माणूस दोन गोष्टी टाकून जातो. टायरमधला खिळा आणि पोटातली बातमी. खिळे मी डब्यात टाकतो, डबा भरला की भंगारवाला घेऊन जातो. बातम्या तोही घेत नाही! त्या साचतच राहतात. रडणाऱ्या फाईलच्या इतक्या साचल्या आहेत की सांगून टाकल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

माझं दुकान वरवट बकालला, बसस्टँडजवळ. शेजारच्या गाळ्यात वंदनाचं मोबाईल रिपेअरिंग. फोन दुरुस्त करते, ट्रॅक्टरवर वाजवायच्या पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून देते. नवरा सुरतला, सासू अंथरुणाला. घर त्या गाळ्यावर चालतं.

मागं सगळ्यांच्या मोबाईलवर एक मेसेज आला. 'बिननावाची एक फाईल आपोआप येते. डिलीट होत नाही. उघडली की बाई रडते, आणि ऐकणाऱ्याच्या घरात वाईट घडतं.' आता वंदनाच्या कॉम्प्युटरमध्ये कुणाच्या तरी खराब कार्डातून आलेली एक बिननावाची फाईल होतीच. ती मला म्हणाली, "नाना, असा कचरा सगळ्याच कॉम्प्युटरमध्ये असते." पण ऐकतो कोण! गावानं ठरवून टाकलं, फाईल इथूनच पसरते. गिऱ्हाईक तुटायला लागलं.

* * *

श्रीकृष्णचा ट्रॅक्टर भर रस्त्यात बंद पडला. तिनंच गाणी भरून दिलेला पेनड्राइव्ह नाचवत तो वंदनाच्या दुकानात आला.

"वंदने, तुह्या फाईलनं माहा ट्रॅक्टर बसवला!"

ती भांडली नाही. हातातला फोन बाजूला ठेवला, रस्त्यापर्यंत चालत गेली, टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं.

"भाऊ, डिझेल नाही यात."

श्रीकृष्णनं टाकीत डोकावलं. मग तिच्याकडे बोट करून गरजला, "अन् मंग ते डिझेल कोणं पेलं, ते सांग!"

* * *

एका म्हाताऱ्याच्या मेमरी कार्डात नातवाच्या बारशाचे फोटो होते. फाईलच्या भीतीनं तो कार्ड घेऊन भगताकडे गेला. भगतानं मंत्र म्हणून कार्डावर लिंबू पिळलं. कार्ड बंद!

मग तो आला वंदनाकडेच. कार्ड हातात घेऊन ती म्हणाली, "काका, भूत गेलं, पण जाताना फोटो बी घेऊन गेलं."

तरी बसली बिचारी. दुपारचा डबा तसाच राहिला. कापसानं पुसलं, फुंकर घातली, परत पुसलं. शेवटी त्याच्या मोबाईलच्या स्क्रीनवर पाळणा दिसला, मग पोराचं काजळ लावलेलं तोंड दिसलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

म्हातारा हरखला. मोबाईल कपाळाला लावून म्हणाला, "पाह्यलं का नाना? भगताच्या हाताले गुण हाये!"

मी हातातला पाना जमिनीवर आपटला. दुसरं काय करणार!

* * *

बंडू आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन. तो मेसेज तो रोज सकाळी ग्रुपवर टाकायचा, चहाच्या आधी. एकदा त्याची मोटारसायकल पंक्चर झाली, तेव्हा मी धरला त्याला.

"काऊन बे, हा मेसेज तुले कोणं पाठवला?"

"माह्या मामसासऱ्यानं. खोटं नाही बोलत ते."

"लाव फोन त्यायले."

लावला. मामसासरे म्हणाले, "जावईबापू, मले तर तुमीच पाठवला होता!"

मला वाटलं, आता तरी लाजेल. तर म्हणतो कसा, "म्हणजे दोघायकडून आला ना, नाना? मंग तं खराच असंन!"

* * *

कौसल्याबाई समोर भाजी घेऊन बसते. एकदा चार जण तिच्यासमोर उभे राहून फाईलबद्दल बोलत होते. बाई कशी रडते, किती रडते, कोणाला ऐकू आली. वंदना आत मान खाली घालून काम करत होती, तिला ऐकू जावं म्हणूनच आवाज चढवलेला.

कौसल्याबाईनं तराजू खाली ठेवला.

"महिना झाला, बाई रडते, बाई रडते करून राह्यले तुमी. काऊन रडते, हे एकानं तरी इचारलं का रे?"

चौघांनी वांगी घेतली आणि गेले.

* * *

आणि मग बाजाराच्या दिवशी गाळ्याचे मालक वामनराव आले. मागं श्रीकृष्ण, बंडू आणि निम्मा बाजार.

"वंदना, आज सोक्षमोक्ष. सगळ्यायसमोर वाजव ते फाईल. नाही रडली, तर तुह्या नावानं कोणी बोलणार नाही. रडली, तर आजच गाळा खाली कर."

मी टायर सोडून उठलो. एवढे बाप्ये, आणि समोर एकटी पोर! पण ती म्हणाली, "बसा नाना. वाजवते."

तिनं मोठा स्पीकर ओढून दारात आणला, वायर हातात घेतली आणि टेबलाखाली वाकली. बाजार चिडीचूप. कोथिंबिरीची जुडी बांधणाराही थांबला.

"आली!" श्रीकृष्ण ओरडला. "हुंदका आयकला का?"

"पैंजण बी वाजून राह्यले!" मागून कोणीतरी म्हणालं.

बंडूनं दोन्ही कान दाबून धरले आणि म्हणाला, "मले अजून बी आयकू येऊन राह्यलं!"

वामनरावांनी टोपी काढली. घाम पुसला. "रडते. चांगली हमसून रडते. वंदना, सामान काढ."

वंदना टेबलाखालून बाहेर आली. केसांना जाळं लागलेलं. स्पीकरच्या वायरची पिन तिच्या हातातच होती.

"भाऊ, हे कुठी लावाची तेच दिसून नाही राह्यलं. जरा मोबाईलचा टॉर्च धरता का?"