हवालदारानं सोडलेला ठोसा

माझ्या गाळ्यावर समोर सौद्याला बसलेल्या म्हाताऱ्या कांदेवाल्याच्या गुडघ्याला निलगिरीचं तेल होतं, आणि त्या वासासरशी मी भिंगारच्या मैदानावर पोचलो. थंडीतली दुपार, लिंबाच्या पानांतून ठिबकणारं ऊन, आणि दोरांच्या चौकोनात माझा आवडता बॉक्सर, मिरजगावकडचा एक हवालदार. दर वर्षी फायनल गाठायचा, दर वर्षी हरायचा. मी तेव्हा हातगाडीवर भाजी विकायचो आणि त्याची लढत असली की गाडी तिथंच लावायचो. त्या वर्षी तो जिंकत होता. शेवटच्या फेरीत समोरच्याच्या भुवईतलं रक्त डोळ्यात उतरलं आणि हवालदार ठोसा आवरून उभाच राहिला. "मारा की, सापडलाय!" मी ओरडलो. समोरच्यानं डोळा पुसला, उलट त्याच्यावरच तुटून पडला आणि कप घेऊन गेला. मी तणतणत तंबूत शिरलो. "हवालदार, सापडलेला मानूस सोडत्यात व्हय?" खांद्याला निलगिरीचं तेल चोळत तो हसला. "त्याला दिसतच न्हवतं, शेठ. मग मारून काय मजा?" मी त्याच्याशी पुन्हा बोललो नाही. आज घासाघीस ऐन रंगात असताना म्हाताऱ्यानं चष्मा काढून डोळे पुसले, आणि चष्मा पुन्हा लावेपर्यंत मी पुढचा भाव बोलायचा थांबलो. हवालदारावरचा माझा राग अजून गेलेला नाही.